लाडोबांचा सीमाभाग

बेळगाव-निपाणी भागातल्या पोराला एक विद्या वेगळी शिकवावी लागत नाही. एका सरकारनं ‘नाही’ म्हटलं की दुसऱ्याकडं अर्ज टाकायचा. इथल्या हवेतच ती आहे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादासाठी महाजन आयोग १९६६ साली नेमला गेला, पुढच्या वर्षी त्याचा अहवाल आला, आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. तोवर कर्नाटकचं सरकार बेळगावात सुवर्ण विधानसौध बांधून दर हिवाळ्यात अधिवेशनाला मुक्कामी येतं आणि महाराष्ट्राचं सरकार हक्काच्या ८६५ गावांची यादी उराशी धरून आपली जनआरोग्य योजना इकडं पाठवतं. दोघांचाही आपल्यावर फार जीव आहे हे ऐकत ऐकत जे मूल वाढतं, त्याला घरातली राज्यघटना समजायला कितीसा वेळ लागणार?

घरात मम्मीचं एक सरकार, आज्जीचं दुसरं. मम्मीची हद्द अभ्यासाच्या टेबलापासून बाथरूमपर्यंत. आज्जीची हद्द देवघर, स्वयंपाकघर आणि लाडवांचा डबा. मोबाइल हा वादग्रस्त प्रदेश. मम्मी ठराव करते, “जेवताना मोबाइल नाही.” पाचव्या मिनिटाला पोरगं आज्जीच्या खोलीत. “आज्जी, मम्मी बघ की!” एवढ्यावर आज्जीचा हस्तक्षेप होतो, “असू दे की गं, नाहीतर खाईना झालाय तो.” मग पप्पांकडं अपील जातं. पप्पा म्हणतात, “रविवारी बघू.” असे कित्येक रविवार आले नि गेले. तारीख पडते, निकाल लागत नाही, आणि निकाल लागेपर्यंत जैसे थे. जैसे थे म्हणजे मोबाइल पोराच्या हातात.

या पोराला आपण सोन्या म्हणू. नाव वेगळं ठेवायची गरज नाही, कारण पत्रिकेवर काहीही असलं तरी घरात सगळ्यांचं नाव सोन्याच असतं.

बेळगावातलं शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडी, कुठल्याही गल्लीत सकाळी सव्वाआठला उभं राहून बघा. सोन्या दुसरीत आहे. तो सोफ्यावर पाय पुढं करून बसलाय. मम्मी जमिनीवर बसून त्याच्या पायात मोजे चढवायलीय. आज्जी तूप-साखर लावलेल्या चपातीची गुंडाळी घेऊन उभी. हा घास काऊचा, हा घास चिऊचा. सात वर्षांच्या घोड्याला अजून काऊ-चिऊच्या नावानं भरवणं चालू आहे. त्या काऊ-चिऊंची नातवंडंसुद्धा एव्हाना आपापलं दाणा-पाणी बघायला लागली असतील. दारात पप्पा, एका खांद्यावर दप्तर, गळ्यात पाण्याची बाटली, आणि व्हॅनवाल्याला “दोन मिनिटं हां, अण्णा,” असं विनवणारा चेहरा. शेवटच्या क्षणी मोबाइल काढून घेतला जातो तेव्हा दोन भोंगे वाजतात, एक व्हॅनचा आणि एक सोन्याचा. एक माणूस शाळेत जाण्यासाठी तीन माणसं खपतात, आणि जो जाणार त्याचे दोन्ही हात मोकळे.

मला काळजी त्या मोकळ्या हातांची आहे. पोरं लाडानं बिघडतात असं म्हणताना आपण सगळे हिशेब ‘काय दिलं’ याचेच करतो. सायकल दिली, टॅब दिला, खडेबाजारातून दर शनिवारी काहीबाही आणलं. आता कुंदा खाऊन पोरगं बिघडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. तसं असतं तर अख्खं बेळगाव वाया गेलं असतं. पोरगं बिघडतं ते त्याच्या हातातलं काम आपण काढून घेतो म्हणून. दिलेल्या वस्तू काही दिवसांत कपाटामागं जाऊन पडतात. काढून घेतलेलं काम मात्र पुन्हा हातात बसायला फार वर्षं जातात.

जर्मनीत लायप्झिगला एका संशोधन संस्थेत वार्नेकन आणि टोमासेलो या दोघांनी २००६ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. मुलं दीड वर्षाची. एक अनोळखी माणूस दोरीवर कपडे वाळत घालतो, त्याच्या हातून चिमटा खाली पडतो, आणि तो हात लांबवतो पण चिमटा काही हाताला लागत नाही. कुणी न सांगता, चॉकलेट न दाखवता, बहुतेक मुलं दुडुदुडु जाऊन कुठल्या ना कुठल्या अशा अडचणीत त्याला मदत करत होती. पुढच्या एका प्रयोगात त्यांनी मदतीबद्दल खेळणं बक्षीस द्यायला सुरुवात केली, तर बक्षीस थांबल्यावर त्या मुलांची मदत इतरांपेक्षा कमी झाली. म्हणजे कामाची हौस देवानं आधीच देऊन पाठवलेली असते. ती घालवायची यंत्रणा आपल्याकडं आहे.

सोन्यालाही ती हौस होतीच. दीड वर्षाचा असताना तो केरसुणी ओढत आला होता. अख्खं घर ओरडलं, “अगं बाई, घाण! छी छी! टाक आधी!” तीन वर्षांचा असताना त्यानं कणकेत हात घातला, तर त्याला उचलून टीव्हीसमोर नेऊन बसवलं. पाच वर्षांचा झाल्यावर म्हणाला, “मी पाणी भरतो,” तर “सांडशील” म्हणून तांब्या काढून घेतला. आता हाच सोन्या चौदा वर्षांचा होईल तेव्हा हेच घर पाहुण्यांना सांगेल, “काय सांगायचं वहिनी, इकडची काडी तिकडं करत नाही बघा!” अहो, कसा करेल? काडी कुठं असते तेच त्याला तुम्ही दाखवलेलं नाही.

टिळकवाडीतून जाताना मला हमखास एक गोष्ट आठवते. १९२४ च्या डिसेंबरात तिथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते या अधिवेशनात. पाण्यासाठी तेव्हा खोदलेली विहीर आजही ‘काँग्रेस विहीर’ म्हणून ओळखली जाते. छावणीच्या स्वच्छतेचं काम काकासाहेब कालेलकरांनी अंगावर घेतलं होतं. काकासाहेब आपल्या बेळगुंदीच्या घराण्यातले, आणि काही काळ बेळगावात गणेश विद्यालयात शिकवत होते. त्यांच्या पथकात चांगल्या घरची, शिकलेली, सोवळ्या-ओवळ्यात वाढलेली तरुण मंडळी होती आणि त्यांनी छावणीतले संडास साफ केले. त्याच टिळकवाडीत आज जेवलेलं ताट बेसिनपर्यंत नेऊन ठेवलं म्हणून सोन्याचा फोटो ‘फॅमिली’ नावाच्या ग्रुपवर फिरतो आणि पुण्याच्या आत्याकडून टाळ्यांचे सतरा हात येतात.

निपाणीकडची कथा जरा वेगळी, आणि तिथं हसताना जीभ आवरावी लागते. तंबाखूच्या वखारीत राबलेल्या बायका, घरी येऊन विड्या वळणाऱ्या बायका, हे त्या गावानं पिढ्यान्‌पिढ्या बघितलंय. आईच्या शेजारी बसून पोरंही पानं कापायची, विड्यांची तोंडं मुडपायची. ते काही संस्कारवर्ग नव्हते. पोटाची गरज होती, त्यात पोरांची फुप्फुसं आणि शाळा दोन्ही जात होती. ज्या घरातून ते गेलं त्या घराचं भलंच झालं. आज त्या घरातली माणसं शिक्षक आहेत, बँकेत आहेत, कुणाचं मेडिकलचं दुकान आहे, आणि ती म्हणतात, “मला मिळालं नाही ते माझ्या पोराला मिळू दे.” या वाक्याला नावं ठेवण्याइतका मी मोठा नाही. फक्त त्यात हिशेब एका बाजूनंच मांडला जातो. आपल्याला न मिळालेलं पोराला देताना, आपल्याला मिळालेलंही आपण काढून घेतलं. एकट्यानं बाजारात जाऊन मिरच्या घेणं, सुटे पैसे मोजून आणणं, धाकट्या भावाला सांभाळणं, पडल्यावर गुडघा आपला आपण धुणं. यातल्या कशालाही गरिबी लागत नव्हती.

निपाणीच्या कडेला अर्जुननगर आहे, तिथं देवचंद कॉलेज. गाव निपाणीला लागून, पण तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर. म्हणजे निपाणीचा अठरा वर्षांचा मुलगा रोज सकाळी परराज्यात जातो आणि दुपारी स्वराज्यात परत येतो. एवढा आंतरराज्य प्रवास एकट्यानं करणारा हा गडी घरी आल्यावर खुर्चीत बसून हाक मारतो, “मम्मी, पाणी!” माठ त्याच्या खुर्चीपासून चार पावलांवर असतो. आणि मम्मी कपडे वाळत घालता घालता गच्चीवरून खाली येते.

निपाणीला रस्त्यावर ठाण मांडणं नवं नाही. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकरी रास्त भावासाठी पुणे-बंगळूर रस्त्यावर दिवसेंदिवस बसून होते. शेवटी पोलिसांचा गोळीबार झाला, शेतकऱ्यांचे जीव गेले. तो इतिहास थट्टेचा नाही. पण ज्या गावानं आंदोलनाची एवढी किंमत मोजली, त्याच गावच्या बाजारात मी एक चार मिनिटांत यशस्वी झालेलं आंदोलन बघितलंय. खेळण्यांचं दुकान. रिमोटवर चालणारी पिवळी जेसीबी. सोन्याच्याच वयाचा आंदोलक रस्त्याच्या मधोमध पाठ टेकून पडलेला.

पप्पा ठाम, “नाही म्हणजे नाही.”

मम्मी हळूच, “अहो, लोक बघालेत.”

पप्पा दुकानदाराला, “किती रुपये?”

इथं आंदोलकानं एक डोळा उघडला. रडणं चालूच होतं, फक्त आवाज जरा खाली आणला, दर नीट ऐकू यावा म्हणून. दुकानदार म्हणाला, “साडेचारशे. तुम्हाला म्हणून चारशे.” पप्पांनी पाकीट काढलं आणि आंदोलक कपडे झटकत उठला.

स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं कबुतरांवर बरेच प्रयोग केले. बटणावर चोच मारली की दर वेळी दाणा मिळत असेल आणि एक दिवस बंद झाला, तर कबुतर थोड्या वेळात नाद सोडतं. पण कधी मिळतो, कधी नाही, असं असेल तर ते चोच मारतच राहतं. ‘नाही’ म्हणून शेवटी ‘बरं’ म्हणणारे आपण पोराला नेमकं हेच शिकवतो. चार मिनिटांनी जेसीबी दिली म्हणजे जेसीबीचा दर चार मिनिटं ठरला. पुढच्या वेळी तुम्ही मन घट्ट करून दहा मिनिटं तग धरलात आणि मग दिलीत, तर दर दहा मिनिटं झाला, एवढंच. द्यायचंच असेल तर पडायच्या आधी द्या, हसत द्या. द्यायचं नसेल तर पोराशेजारी फुटपाथवर बसा आणि शेंगा खा. लोक बघतात ते बघू देत. त्यांच्याही घरी एक आहे.

आणि हो, मारणं हा यावरचा उतारा नाही. आमच्या पिढीचे लोक छडीच्या आठवणी फार गोड आवाजात सांगतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेत मारायला बंदी आहे, ते योग्यच झालं. घरात तर फटक्याचा आणि लाडाचा जोडधंदा चालतो. दुपारी पाठीत धपाटा बसतो, संध्याकाळी बापाला वाईट वाटतं, आणि त्या वाईट वाटण्याचं रात्री आइस्क्रीम होतं. पोराला कळतं की एका धपाट्याला दोन स्कूप पडतात. सौदा वाईट नाही.

घरातले आजोबा अशा वेळी चाणक्यनीती काढतात. पहिली पाच वर्षं लाड करावेत, असं त्यात आहे, हे त्यांना तोंडपाठ. पुढची दहा वर्षं धाक दाखवावा आणि सोळाव्या वर्षी मुलाला मित्र मानावं, हेही त्यातच आहे. मधल्या धाकाबद्दल माझं मत काही फारसं चांगलं नाही. पण सोळाव्या वर्षाचं कलम उत्तम आहे आणि आपण ते अगदी उलटं वापरतो. चार वर्षांच्या सोन्याला विचारतो, “कुठली गाडी घ्यायची रे आपण?” आणि सोळा वर्षांच्या सोन्याला विचारतो, “स्वेटर घातलास का?”

अमेरिकेतल्या त्या मार्शमॅलोच्या प्रयोगाबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांनी वाचलेलं असतं. मुलासमोर मिठाईचा एक तुकडा ठेवायचा, थोडा वेळ थांबलास तर दोन मिळतील म्हणायचं, आणि थांबणारं मूल पुढं आयुष्यात मोठं होतं. हे वाचून आमच्या ओळखीच्या एका काकांनी नातवासमोर कुंद्याची वडी ठेवून घड्याळ लावलं. नातू अकराव्या सेकंदाला निकालात निघाला. घरात सुतक पडल्यासारखी शांतता. काकांना पुढची गोष्ट कुणी सांगितली नव्हती. २०१८ मध्ये जास्त मुलांवर तपासलं तेव्हा, घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर, थांबण्याचा आणि पुढच्या यशाचा संबंध बराच फिका निघाला. त्याहून मजेशीर प्रयोग २०१३ चा, रॉचेस्टर विद्यापीठातला. मिठाईच्या आधी काही मुलांना मोठ्या माणसानं “चांगले रंग आणून देतो” असं सांगितलं आणि आणून दिले. काहींना सांगितलं आणि नंतर हात हलवत येऊन “अगं, नाहीतच” म्हणून मोकळा झाला. शब्द पाळलेल्या गटातली मुलं मिठाईपुढं सरासरी १२ मिनिटं थांबली. फसवलेली जेमतेम ३ मिनिटं.

म्हणजे परीक्षा पोराच्या संयमाची जेवढी, तेवढीच आपल्या शब्दाची. आमच्या काकांनी नातवाला आदल्या महिन्यात गोकाकचा धबधबा दाखवतो म्हटलं होतं, नंतर राजहंसगड म्हटलं, नंतर निदान कपिलेश्वरला तरी जाऊ म्हटलं. शेवटी नेलं कुठं, तर केस कापायला. त्या पोरानं अकरा सेकंद तरी थांबून पाहिलं, हा त्याचा मोठेपणा.

राजहंसगडावरून आठवलं. तिथल्या शिवरायांच्या पुतळ्याचं २०२३ च्या मार्चमध्ये एकाच आठवड्यात दोनदा उद्घाटन झालं, एकदा भाजपच्या मंडळींनी, एकदा काँग्रेसच्या. आपल्याकडं वाढदिवसांचंही तसंच चाललंय. एक केक वडिलांच्या माणसांत, एक मामाकडं. दोन्हीकडं फुगे, दोन्हीकडं परतभेटीच्या पिशव्या, दोन्हीकडं सोन्याला मेणबत्ती विझवायला चार माणसं फुंकर मारून मदत करतात. फुंकर! तीसुद्धा त्याची त्याला मारू देत नाहीत.

आणि आता किल्ला. बेळगावच्या दिवाळीत फराळ दुसरा, किल्ला पहिला. पूर्वी सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर टाकला की गल्लीतली पोरं घमेली घेऊन लाल माती आणायला पळायची. दगड, फुटक्या विटा, जुनी पोती. चिखल करायचा, तो कधी पातळ व्हायचा, कधी घट्ट. बुरूज ढासळायचा. कुणाच्या दारातल्या नळाचं पाणी आणायचं यावरून भांडण, मग अबोला, मग सलोखा. अळीव पेरायचे आणि सकाळी उठून कोंब आलेत का ते बघायला जायचं. मावळे बाजारातून आणायचे आणि ते दरवाजापेक्षा मोठे निघाले की महाराजांना तटावरून उचलून आत न्यायचं.

परवा एका चांगल्या वस्तीत किल्ला बघितला. तारेची जाळी, वर सिमेंटचा हात, स्प्रेचा रंग, एलईडीची माळ, गुहेत ब्लूटूथ स्पीकर. पप्पा मोबाइलवर राजगडाचा नकाशा उघडून गवंड्याला सांगत होते, “सुवेळा माची जरा डावीकडं घ्या.” गवंडी घेत होता. सोन्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता, हातपाय स्वच्छ, नवा कुर्ता. मध्येच तो उठला आणि खिशातून एक प्लास्टिकचा डायनासोर काढून त्यानं बालेकिल्ल्यावर ठेवला. पप्पांनी लगेच उचलला. “अरे, शिवाजी महाराजांच्या काळात डायनासोर नव्हते.”

सोन्या म्हणाला, “मग लाइटच्या माळा होत्या?”

पोरगं हुशार आहे हो. त्याला काही झालेलं नाही. त्याच्या वाट्याचा चिखल त्याला परत द्या, बाकीचं तो बघून घेईल.

त्याच गल्लीच्या मागं, दुसऱ्या बोळात पाच पोरांनी मिळून केलेला एक किल्ला होता. डावीकडं कललेला, तटाला फुटकी कुंडी लावलेली, शेजारच्या मांजरानं एक माची उकरून ठेवलेली. तिथला सरदार नाक पुसत मला समजावत होता की ही माची मुद्दाम तशी केलीय, शत्रूला चढता येऊ नये म्हणून. स्पर्धेत पहिला नंबर अर्थातच सिमेंटच्या राजगडाचा आला. बक्षीस घ्यायला सोन्याला पुढं केलं. फोटोत कप सोन्याच्या हातात आहे आणि कपावर पप्पांचेही दोन हात आहेत. मागच्या बोळातल्या पाच जणांना उत्तेजनार्थ एक कंपासपेटी मिळाली. ती कुणाकडं राहणार यावर त्यांची बैठक रात्री उशिरापर्यंत चालू होती, आणि त्यात एकाही मम्मी-पप्पांना बोलावलेलं नव्हतं.

तेव्हा किल्ला स्पर्धा भरवणाऱ्या बेळगाव-निपाणीच्या समस्त मंडळांना कळकळीची विनंती. यंदा परीक्षकांनी किल्ल्याकडं बघायच्या आधी पोरांची नखं तपासावीत. लाल माती सापडली तर वीस गुण तिथंच द्यावेत. मग मागं उभ्या असलेल्या पप्पांचीही नखं तपासावीत, आणि त्यांत माती सापडली तर चाळीस कापावेत.